वाढदिवसाचं चॉकलेट पुडिंग: आदल्या संध्याकाळी करायचं काम

वाढदिवसाला घरी चॉकलेट पुडिंग करायचं ठरलं असेल तर ते त्या दिवशी करू नका, आदल्या संध्याकाळी करा. गॅसपाशी जेमतेम वीस मिनिटं जातात, पण नीट धरायला आणि गार व्हायला काही तास लागतात. पाहुणे आले तरी पुडिंग कोमटच, अशी वेळ आली की मग ते घाईघाईने फ्रीझरमध्ये जातं आणि कडेला बर्फ, मधे पातळ अशा अवस्थेत बाहेर येतं. आदल्या दिवशी केलं की हा प्रश्नच उरत नाही. रात्रभरात कोकोची चवही छान मुरते.

इथली कृती अंड्याशिवायची आहे, कॉर्नफ्लोअरने धरणारी. ओव्हन लागत नाही, जिलेटिनही नाही. घरच्या वाढदिवसाला सगळ्या वयाची आणि सगळ्या पथ्यांची माणसं जमतात. कुणी अंडं खात नाही, आणि जिलेटिन प्राण्यांपासून बनतं म्हणून कुणाला ते चालत नाही. दुधाची अडचण नसेल तर या पुडिंगचा कप बहुतेकांच्या हातात बिनदिक्कत देता येतो. तसं पाहिलं तर अंड्याशिवायचं कस्टर्डसुद्धा घरच्या गरजेतूनच आलं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. म्हणून त्यांनी १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअरवर आधारलेली कस्टर्ड पावडर तयार केली.

काय काय लागेल

हे प्रमाण सहा मध्यम कपांचं आहे. टेबलस्पून म्हणजे १५ मिलीचा मापाचा चमचा, आणि तो सपाट भरायचा, शिगोशीग नाही.

दूध ५०० मिली, शक्यतो साय न काढलेलं
कॉर्नफ्लोअर ३ टेबलस्पून (साधारण २४ ग्रॅम)
कोको पावडर ४ टेबलस्पून (साधारण २० ग्रॅम), बिनसाखरेची
साखर ५ टेबलस्पून (साधारण ६० ग्रॅम)
डार्क चॉकलेट १०० ग्रॅम
लोणी १ टेबलस्पून, बिनमिठाचं
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
मीठ चिमूटभर

मिठाची चिमूट गाळू नका. तिच्यामुळे पुडिंग खारट लागत नाही, फक्त कोकोचा कडवटपणा मवाळ होतो आणि चॉकलेट ठळक लागतं.

घरात वजनकाटा असेल तर कॉर्नफ्लोअर आणि कोको वजनानेच घ्या. दोन्ही भुसभुशीत असल्यामुळे चमचा डब्यात दाबून भरला की सहज दीडपट माल येतो. पुडिंग रबरासारखं झालं, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुरू होते.

पैसे कशावर घालायचे

वरच्या सजावटीवर कमी आणि चॉकलेटवर जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. या पदार्थात लपायला जागा नाही. चॉकलेट जसं असेल तशीच पुडिंगची चव. वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. त्यात कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट. कोको बटरच्या जागी इतर वनस्पती तेल किंवा चरबी लिहिलेली असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड दुधात वितळतं आणि पुडिंग धरतंही, पण जिभेवर मेणचट थर राहतो. पुडिंग थंड खायचं असल्यामुळे तो जास्तच जाणवतो.

टक्केवारी ५० ते ६० च्या दरम्यानची घ्या. टक्केवारी म्हणजे चॉकलेटमध्ये कोकोचा घन भाग आणि कोको बटर मिळून किती आहे ते. ७० टक्क्यांच्या पुढचं चॉकलेट मोठ्यांना आवडेल, पण मुलं दोन घासांत कप बाजूला ठेवतील. वाढदिवस लहान मुलाचा असेल तर निम्मं डार्क आणि निम्मं मिल्क चॉकलेट घ्या आणि साखर ५ ऐवजी ४ टेबलस्पून करा. सगळंच मिल्क चॉकलेट वापरलं तर साखर ३ टेबलस्पूनवर आणा, नाहीतर दुसऱ्याच चमच्याला गोड मिट्ट होईल.

कोको दोन प्रकारचा मिळतो. नैसर्गिक कोको फिकट आणि किंचित आंबट असतो. अल्कलीची प्रक्रिया केलेला कोको गडद आणि चवीला सौम्य असतो, आणि दुधात पटकन मिसळतो. ही प्रक्रिया एकोणिसाव्या शतकात नेदरलंड्सच्या कुनराड व्हॅन हाउटन यांनी आणली, म्हणून त्याला डच कोको म्हणतात. केकमध्ये सोडा आणि कोको यांचं गणित जुळवावं लागतं. पुडिंगमध्ये ती भानगड नाही, दोन्ही चालतात. गडद रंग हवा असेल तर डच घ्या. गोड केलेली ड्रिंकिंग चॉकलेट पावडर मात्र नको. तिच्यात साखरच जास्त असते आणि सगळं प्रमाण ढासळतं.

गॅस पेटवण्याआधी

पुडिंग घट्ट व्हायला लागलं की ते सोडून चॉकलेट चिरायला किंवा व्हॅनिलाची बाटली शोधायला जाता येत नाही. म्हणून सगळं आधी हाताशी मांडून ठेवा. चॉकलेट सुरीने बारीक चिरा. मोठे तुकडे सावकाश वितळतात आणि तोवर पुडिंग निवायला लागतं. लोणी मोजून ठेवा. एका भांड्यावर बारीक जाळीची चाळणी ठेवून द्या. कप किंवा वाट्या एका ट्रेमध्ये लावून ठेवा, म्हणजे नंतर सहा वेगवेगळे गरम कप उचलावे लागणार नाहीत.

पातेलं जाड बुडाचं हवं, आणि थोडं रुंद असलं तर उत्तम. व्हिस्क हवाच, पण त्याच्या जोडीला सिलिकॉनचा किंवा लाकडी स्पॅट्युलाही घ्या. गोल व्हिस्क पातेल्याच्या बुडाच्या कडेला पोचत नाही आणि पुडिंग नेमकं तिथेच लागतं.

शिजवणं

एका मोठ्या वाडग्यात साखर, कॉर्नफ्लोअर, चाळलेला कोको आणि मीठ कोरडंच एकत्र करा. कोरडं मिसळण्यामागे कारण आहे. साखरेचे दाणे कॉर्नफ्लोअरच्या कणांमध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, त्यामुळे दूध पडल्यावर गुठळ्या होत नाहीत. आता ५०० मिलीमधलं साधारण १०० मिली थंड दूध थोडंथोडं घालत गुळगुळीत पेस्ट करा. दूध थंडच हवं. कोरड्या कॉर्नफ्लोअरवर गरम दूध पडलं की प्रत्येक ढेकळाचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं आणि आत कोरडं पीठ अडकून बसतं. अशा गुठळ्या नंतर कितीही घोटा, मोडत नाहीत.

उरलेलं ४०० मिली दूध पातेल्यात मध्यम आचेवर तापवा. उकळू नका, कडेला बारीक बुडबुडे आणि वर वाफ दिसली की पुरे. हे गरम दूध पळीपळीने पेस्टमध्ये ओता आणि एका हाताने व्हिस्क चालू ठेवा. सगळं एकजीव झालं की मिश्रण परत पातेल्यात घाला आणि आच मध्यमहून थोडी कमी ठेवा.

इथून पुढे हात थांबवायचा नाही. दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. मग व्हिस्क थोडा जड लागायला लागेल आणि मिश्रण बघताबघता दाट होईल. बहुतेक जण इथेच फसतात आणि गॅस बंद करतात. कॉर्नफ्लोअर साधारण ६५ ते ७० अंशांपासून फुगायला लागतं, पण पूर्ण शिजायला त्याला ९५ अंशांच्या आसपास जावं लागतं. अर्धवट शिजलेलं पुडिंग गरम असताना छान दाट दिसतं आणि सकाळी पातळ निघतं. शिवाय कच्च्या पिठाची खरखरीत चव जिभेवर राहते, ती वेगळीच.

म्हणून पृष्ठभागावर मोठे, जड बुडबुडे सावकाश फुटेपर्यंत थांबा. ढवळणं क्षणभर थांबवल्याशिवाय ते दिसत नाहीत, तेव्हा मधूनमधून दोन सेकंद थांबून बघा. पहिला बुडबुडा फुटला की आच मंद करा, घड्याळाकडे बघा आणि दीड ते दोन मिनिटं आणखी शिजवा. आता व्हिस्क बाजूला ठेवून स्पॅट्युला घ्या आणि बूड व कडा खरवडत राहा. उडणाऱ्या शिंतोड्यांपासून जपा. घट्ट मिश्रण कातडीला चिकटून बसतं आणि दुधापेक्षा जास्त पोळतं. कोरडं मिसळणं, चॉकलेट मोडणं, शेवटी पातेलं चाटणं ही मुलांची कामं. या दोन मिनिटांत मात्र त्यांना गॅसपासून लांब ठेवा.

झालं की नाही हे पाहायला स्पॅट्युला मिश्रणात बुडवून बाहेर काढा आणि त्यावर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओघळल्या नाहीत तर पुडिंग तयार. या वेळी ते अजून ओतता येण्याजोगं असायला हवं. चॉकलेट आणि लोणी गार झाल्यावर गोठतात आणि कॉर्नफ्लोअरही आणखी घट्ट होतं, त्यामुळे पातेल्यातच चमचा उभा राहत असेल तर फ्रिजमधून निघेल ते वडीसारखं कापायला लागेल.

गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. मग चिरलेलं चॉकलेट आणि लोणी घाला, आणखी अर्धा मिनिट तसंच राहू द्या आणि हळूहळू ढवळा. चॉकलेट थेट आचेवर शिजवलं तर करपू शकतं आणि त्यातली चरबी सुटते. पुडिंगची स्वतःची उष्णता ते वितळवायला पुरेशी असते. मिश्रणाला चकाकी आली की व्हॅनिला घाला. व्हॅनिलाचा वास आचेवर उडून जातो, म्हणून तो शेवटी.

आता चव बघा. गोडी आणि चॉकलेट दोन्ही किंचित जास्त वाटायला हवेत, कारण थंड पदार्थात आपल्याला गोड कमी जाणवतं. गरम असताना अगदी बेताचं लागलेलं पुडिंग उद्या फिकं लागेल. मोठ्यांसाठी करत असाल तर पाव चमचा इन्स्टंट कॉफी थोड्याशा गरम दुधात विरघळवून घाला. कॉफी वेगळी ओळखू येत नाही, चॉकलेटला मात्र खोली येते.

गाळणं, ओतणं, गार करणं

गुठळ्या दिसत नसल्या तरी गाळा. चाळणीतून स्पॅट्युलाने दाबत एकदा काढलं की कोकोचा एखादा चुकार खडा किंवा बुडाची खपली मागे राहते. या एका मिनिटाने पोतात जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेच पडत नाही.

मिश्रण गरम असतानाच कपांत ओता. निवल्यावर ओतलं तर कॉर्नफ्लोअरची धरलेली घडी मोडते आणि ते पुन्हा तितकं घट्ट होत नाही. याच कारणाने फ्रिजमध्ये धरलेलं पुडिंग नंतर ढवळायला जाऊ नका. कप ओट्यावर हलकेच दोनदा आपटा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात.

वर साय धरू नये म्हणून बटर पेपरची चकती कापून थेट पुडिंगला टेकवून ठेवा. कपावर नुसतं झाकण ठेवलं तर साय धरतेच, शिवाय वाफेचं पाणी वर ठिबकतं. घरात कुणाला ती चामट साय आवडतही असते. त्यांचा कप उघडा ठेवा. अर्धा तास बाहेर निवू द्या आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. दुधाचा पदार्थ आहे, तेव्हा दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. छोटे कप चार तासांत धरतात. एकाच मोठ्या काचेच्या वाडग्यात लावलंत तर रात्रभर हवं.

जास्त माणसं असतील तर

बारा कपांसाठी सगळं दुप्पट करा, कॉर्नफ्लोअरसकट. एका लिटरच्या पुढे मात्र एका पातेल्यात जाऊ नका. हात भरून येतो, मध्यभाग शिजेपर्यंत बूड लागतं आणि वेळेचा अंदाज चुकतो. पंचवीस माणसं असतील तर दोन-तीन वेळा स्वतंत्र घाणे करा. मोठ्यांचा डार्क आणि मुलांचा मिल्क चॉकलेटचा असे वेगळे घाणेही त्यात जमून जातात.

पाहुण्यांना आधी विचारून घ्या. दूध तर यात आहेच. शिवाय चॉकलेटमध्ये बहुधा सोया लेसिथिन असतं आणि वेष्टनावर शेंगदाणे किंवा सुकामेव्याच्या अंशाची सूचनाही असू शकते. दूध चालत नसेल तर नारळाच्या किंवा सोयाच्या दुधात हेच पुडिंग होतं. लोणी गाळा आणि चॉकलेट बिनदुधाचं बघून घ्या. नारळाचं दूध दाट असतं, म्हणून त्यात निम्मं पाणी घाला.

काही बिघडलं तर

सकाळी पुडिंग पातळ दिसलं तर टाकून देऊ नका. पातेल्यात काढून, ढवळत पुन्हा बुडबुडे येईपर्यंत आणि नंतर दोन मिनिटं शिजवा. कमी शिजल्यामुळे पातळ राहिलं असेल तर धरेल. तरीही नाही धरलं तर एक चमचा कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून त्यात घाला आणि पुन्हा शिजवा. कोरडं कॉर्नफ्लोअर वरून भुरभुरू नका.

फार दाट झालं असेल तर गरम असतानाच दोन-तीन चमचे गरम दूध घालून फेटा. चॉकलेट घातल्यावर वर तेल दिसू लागलं किंवा मिश्रण रवाळ झालं तर त्यावरही हाच उपाय. गुठळ्या राहिल्या तर गाळणीच बरी. हँड ब्लेंडर गुठळ्या मोडतो, पण त्याच्या पात्यांनी फुगलेलं कॉर्नफ्लोअरही फुटतं आणि पुडिंग थोडं सैल होतं.

बूड लागल्याचा वास आला तर तिथेच थांबा. खरवडू नका, हलवू नका; वरचं मिश्रण दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या आणि उरलेलं तिथे शिजवा. चॉकलेट घालायच्या आधी चाखून बघा. करपट चव उतरली असेल तर ती चॉकलेटने झाकली जात नाही, तेव्हा महागाचं चॉकलेट त्यात वाया घालवू नका.

अंडं घालायचं असेल तर

कॉर्नफ्लोअर २ टेबलस्पून करा आणि पेस्टमध्ये दोन अंड्यांतला पिवळा बलक फेटून घाला. बाकी कृती तीच. पोत जास्त मलईदार होतो. फक्त यात नीट उकळी येणं अधिकच गरजेचं आहे, कारण बलकात पिष्ट तोडणारं एन्झाइम असतं. अंडं फुटेल या भीतीने मिश्रण लवकर उतरवलं तर ते एन्झाइम जिवंत राहतं आणि रात्रभरात पुडिंगचं सूप करतं. कॉर्नफ्लोअर सोबतीला असलं की बलक सहजासहजी फाटत नाही, त्यामुळे घाबरू नका.

साच्यातून काढायचं असेल तर

केकसारखं ताटात उभं राहणारं पुडिंग हवं असेल तर ५०० मिली दुधाला कॉर्नफ्लोअर ५ टेबलस्पून घ्या. साचा थंड पाण्याने विसळा आणि पुसू नका. त्या ओलाव्यामुळे पुडिंग सुटून येतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. काढताना कडेने बोटाने हलकेच आत दाबून हवा जाऊ द्या, वर ताट पालथं घाला, उलटा आणि एक हिसका द्या. ताटही आधी पाण्याने ओलं करून घ्या. पुडिंग मध्यभागी पडलं नाही तर ओल्या ताटावर ते सरकवता येतं, कोरड्या ताटावर जिथे पडेल तिथेच चिकटतं. खरं सांगायचं तर मला कपातलं मऊ पुडिंगच जास्त आवडतं. पण मेणबत्त्या आणि कापण्याचा सोहळा हवाच असेल तर साचा घ्या.

टेबलावर नेताना

मेणबत्ती मऊ पुडिंगमध्ये उभी राहत नाही. कलते आणि मेण वर सांडतं. एक जाड बिस्किट किंवा स्ट्रॉबेरी पुडिंगवर ठेवून तिच्यात मेणबत्ती खोचा. मोठ्या वाडग्यावर सगळ्यांसमोर फुंकर मारण्यापेक्षा, ज्याचा वाढदिवस त्याच्याच कपात एक मेणबत्ती लावणं मला जास्त पटतं. बाकीचे कप मग निर्धास्तपणे वाटता येतात.

वर क्रीम हवं असेल तर वेष्टनावर चरबीचं प्रमाण बघा. ३० टक्क्यांच्या वरचं क्रीमच फेटून फुलतं, त्याखालचं कितीही फेटलं तरी पातळ राहतं. २०० मिली क्रीम सहा कपांना पुरतं. क्रीम, वाडगा, व्हिस्क तिन्ही गार करून घ्या आणि मऊ टोकं उभी राहिली की थांबा. त्यात साखर एक चमचाच, कारण खाली भरपूर गोड आहे.

भाजलेले बदाम, बिस्किटाचा चुरा, चॉकलेटच्या सालकाढ्याने काढलेल्या कात्रणा, जे कुरकुरीत असेल ते वाढतानाच घाला. आदल्या रात्री घातलेला चुरा सकाळी लगदा होतो. नाव लिहायचं असेल तर कागदात अक्षरं कोरून त्यावरून पिठीसाखर भुरभुरा, पण तीही अगदी शेवटी, कारण ओलसर पृष्ठभागावर ती काही मिनिटांत विरघळते. फळांपैकी स्ट्रॉबेरी, संत्र्याच्या फोडी, ताजं कापलेलं केळं छान लागतं. ताजा अननस, किवी आणि पपई टाळा. त्यांतली एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतात आणि थोड्या वेळाने पुडिंग कडू लागायला लागतं. डबाबंद अननस तापवलेला असतो, त्यामुळे तो चालतो.

कप वाढण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा. फ्रिजच्या गारठ्यात चॉकलेट मुकं होतं.

उरलेलं पुडिंग झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं. दुसऱ्या दिवसापासून कडेला थोडं पाणी सुटलं तर घाबरायचं कारण नाही. कॉर्नफ्लोअर जुनं होताना पाणी सोडतंच. ते टिपून घ्या आणि खा. फ्रीझरमध्ये ठेवून परत वितळवलं तर मात्र ते फुटतं. तेव्हा गोठवायचंच असेल तर आइसकँडीच्या साच्यात ओता आणि गोठलेलंच खा.